बैलजोडीच्या जागी मोटार

१६ जानेवारी १९७२, रविवार. सकाळी थंडी. दहा वाजता वाटणीला पंच बसले : सहादेव अण्णा व आणखी तिघे. जमीन निम्मी निम्मी, उत्तरेकडची मला. विहीर सामाईक, चार दिवस आप्पासाहेबांची पाळी, चार दिवस माझी. हरण्या व पाखऱ्या आप्पासाहेबांकडे. बैलजोडीच्या जागी मोटार मला. मी विचारले, मग पोळ्याला वेशीत काय नेऊ? आप्पासाहेब म्हणाले, "मोटार न्या, वैनी. बैलाच्या जागीच दिलीय ना." सगळे हसले. मोटारीच्या मागच्या सीटवर कोंबडी खुडूक बसली आहे, खाली दहा अंडी. दूध दीड शेर.

एवढंच. दुसऱ्या एखादीने त्या दिवसाचं पान अश्रूंनी भिजवलं असतं. मुक्ताबाईच्या वहीत त्याच्या मोजक्या ओळी झाल्या आणि शाई नीट वाळल्यावरच वही मिटली गेली. तिला तशी शिस्तच होती. तिचे वडील पुण्याच्या कँपात कंपाउंडर होते. त्यांनी मुलीला सातवीपर्यंत कॉन्व्हेंटात शिकवलं, आणि तिथल्या एका उंच, कोरड्या सिस्टरने वर्गातल्या प्रत्येक मुलीला एक वही देऊन बजावलं होतं की रोज संध्याकाळी लिहायचं. घडलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. लग्न होऊन मुक्ताबाई कोल्हारच्या अलीकडच्या त्या कोरडवाहू गावात आली, कालव्याचं पाणी जिथे चढत नाही अशा वरच्या अंगाला. तिथे बायका जात्यावर मन मोकळं करत. ही वहीत दुधाचं माप लिहीत असे. वाटलेलं सगळं पोटात जाई, आणि पोटातही तिने ते वहीसारखंच तारीखवार लावून ठेवलं होतं.

तिचे यजमान रंगनाथराव आदल्या कार्तिकात गेले. मूलबाळ नव्हतं. चौदाव्या दिवशी सकाळी ती गोठ्यात गेली तर दावणीला दोन्ही बैल नव्हते. धाकट्या दिराने, आप्पासाहेबाने, पहाटेच सोडून नेऊन आपल्या अंगणात बांधले होते. वाटणी व्हायला अजून दोन महिने होते. हरण्या आणि पाखऱ्या तिने वासरं असताना ताकाची बोटं चाटवून वाढवलेले. त्या दिवशी वहीत लिहिलं गेलं, "दावण रिकामी."

बैल नेण्यामागे नांगरटीपेक्षा मोठं कारण होतं. त्या गावात पोळ्याच्या दिवशी वेशीतून पहिली जोडी जायची ती थोरल्या घरची. मान पाच-सहा पिढ्यांचा. त्याच्या अटी मुक्ताबाईला सासूने पहिल्याच पोळ्याला सांगितल्या होत्या आणि अडतीस सालच्या वहीत त्या लिहिलेल्या होत्या. जोडी उसनी चालत नाही. मृग लागल्यापासून पोळ्यापर्यंत ती घरच्या रानात किंवा विहिरीवर राबलेली पाहिजे. कासरा धरून पुढे अनवाणी चालायचं ते धाकट्या भावाने. मारुतीपाशी ओवाळायचं ते धाकट्या सुनेने. आणि एक पोळा जरी थोरलं घर वेशीत आलं नाही, तर मान कायमचा धाकट्याकडे जातो.

आप्पासाहेबाला तेच हवं होतं. सगळा जन्म त्याने थोरल्या भावाच्या बैलांचा कासरा धरून अनवाणी चालण्यात घालवला होता. आता विधवा भावजय आणि रिकामी दावण. भाद्रपद लागायच्या आत थोरलं घर आपोआप बंद होणार होतं. मोटार न्या म्हणताना तो अगदी निर्धास्त होता.

ती मोटार म्हणजे बाटलीच्या रंगाची एक छोटी मॉरिस. रंगनाथरावांनी ती कालव्याच्या एका निवृत्त इंजिनियराकडून जुनीच घेतली होती. हौस मोठी. त्यांनी बायकोलाही कालव्याच्या भरावावर ती चालवायला शिकवली होती, रीतसर परवाना काढून दिला होता. पासष्ट सालापासून ती गोठ्याशेजारच्या छपराखाली उभी होती. टायरांना भेगा, गादीत उंदीर, दिव्याच्या एका खोबणीत चिमणीचं घरटं, मागे कोंबडी. मुक्ताबाईने कोंबडीची पिल्लं निघू दिली. मग फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी ती चालत कोल्हारला गेली आणि गहिनीनाथ मिस्त्रीच्या दुकानापुढे उभी राहिली.

गहिनीनाथ ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा. एका पायाने अधू, तोंडाने तिखट. रंगनाथरावांचा तो जुना दोस्त, त्या मॉरिसचा आवाज त्याला पाठ होता. सगळं ऐकून त्याने हात पुसले आणि विचारलं, "वैनी, गाडी कशापायी पायजे? फिरायला का कुनाच्या अंगावर घालायला?"

"मोट ओढायला," मुक्ताबाई म्हणाली.

तो बराच वेळ हसला. मग हसायचा थांबला, कारण ती हसत नव्हती.

त्यानंतर दर सोमवारी, दुकान बंद असायचं त्या दिवशी, तो सायकलवर पिशवी लावून यायचा. नवं सामान आणायचा प्रश्नच नव्हता. आणणार कुठून आणि कशाच्या जोरावर? रंगनाथरावांच्या एका मोडक्या इंजिनाचं जड चाक छपरात पडलं होतं, ते त्याला आवडलं. ते घेऊन जा, तीच तुमची मजुरी, असं ठरलं. मोटारीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मुक्ताबाईने जपून ठेवलेलं होतं. ती ओट्यावर बसून एकेक वाक्य वाचून मराठीत सांगायची आणि गाडीखालून गहिनीनाथ म्हणायचा, हे सायबाला ठावं, पर सायबाला हिरीवरची धाव ठावी न्हाई. पुस्तकात नसलेलं सगळं त्याचं स्वतःचं होतं.

ब्रेकमध्ये घालायला तेल नव्हतं, तर घरचं एरंडेल गाळून घातलं. रेडिएटर दोन ठिकाणी डागला, तरी बारीक पाझरत राहिला, तेव्हा त्याने ओंजळभर हळद मागितली. पाण्यात हळद टाकली की ती भोकाशी जाऊन बसते, म्हणाला, आणि ती बसली. मागच्या गादीच्या जागी धोंड्यांनी भरलेली पोती ठेवली, म्हणजे उतारावर चाकं फिरून वाया जाणार नाहीत. लोहाराकडून मागे चॅसीला एक जाड कडी ठोकून घेतली, बैलाच्या जुवाला नाडा बांधतात तसा मोटेचा नाडा बांधायला.

पेट्रोलची सोय त्याने अशी केली. गाडी पेट्रोलवर चालू करायची आणि गरम झाली की रॉकेलवर टाकायची, शेतावरच्या इंजिनासारखी. त्यासाठी इंजिनाच्या हेडखाली एकाऐवजी दोन पॅकिंग घातली, म्हणजे आतला दाब कमी होतो. मुक्ताबाईचा न्हाणीतला तांब्याचा बंब बुडाला गळत होता. त्याची नळी काढून ती गरम सायलेन्सरच्या पाइपाला वेढे देऊन बसवली, म्हणजे रॉकेल आत जाण्याआधी तापेल. पेट्रोलसाठी एक औषधाची बाटली, रॉकेलसाठी पाच शेराचा डबा. डबा उंचावर हवा म्हणून टपावर बांधला, पुढच्या अंगाला. दोन्हींच्या तोट्या, दोन कॉक, मुक्ताबाईच्या डाव्या हाताशी. डबा बसल्यावर गहिनीनाथ दहा पावलं मागे गेला आणि त्याने डोळे बारीक केले.

"वैनी, हिला तर वशिंड आलं की."

मुक्ताबाईने पाहिलं. खरंच, टपावरच्या त्या डब्याने मॉरिस खोंडासारखी दिसत होती. महिनाभरात पहिल्यांदाच ती हसली. पण त्या हसण्यात गहिनीनाथाला जे दिसलं ते पाहून तो पुन्हा गाडीखाली गेला.

एप्रिलच्या शेवटी गाडी चालू झाली. सात वर्षांची उंदरांची बिळं, गवत आणि काळा धूर तिने एका दमात बाहेर टाकला. गावातली पोरंसोरं, म्हातारे, सगळे गोळा झाले. मुक्ताबाईने डोक्यावरचा पदर दातात धरला आणि गाडी विहिरीवर नेली.

विहिरीवर बैल जसे धावेच्या उतारावरून खाली जातात तशी मॉरिस खाली जायची आणि नाड्याला बांधलेली मोट, पाण्याने भरलेली चामडी पिशवी, वर यायची. मोट काठावरच्या थारोळ्यात, दगडी कुंडीत, रिकामी झाली की मुक्ताबाई मान मागे वळवून गाडी उलटी वर न्यायची. विहिरीच्या तोंडाशी बाभळीचा ओंडका आडवा टाकलेला होता. मागची चाकं त्याला लागली की ब्रेक. पहिल्या दिवशी क्लच जळल्याचा वास सगळ्या शिवारात पसरला. दुसऱ्या दिवशी नाडा तुटला. आठवड्यात तिला त्याची लय सापडली. जानेवारीपासून तिची पाळी आप्पासाहेबच वापरत होता, कारण तिच्याकडे ओढायला काही नव्हतं. आता पाळीच्या दिवशी सकाळी ती गाडी घेऊन धावेवर उभी राहिली आणि म्हणाली, भावजी, माझे चार दिवस आजपासून. त्याला बैल सोडावे लागले.

गाव हसलं. कुणी गाडीला 'बाईची म्हैस' म्हणे, कुणी विचारी, वैरण काय घालता. आप्पासाहेब चावडीवर म्हणाला की थोरल्या घराचा खेळखंडोबा झाला, लोकांनी करमणूक करून घ्यावी. मुक्ताबाईने ते ऐकलं. वहीत लिहिलं, "आज चाळीस मोटा."

मे संपत आला आणि चारा संपला. कालव्याच्या वरच्या अंगाला हिरवं पान उरलं नाही. आप्पासाहेबाची सासुरवाडी देवळाली प्रवरेला, उसाच्या पट्ट्यात. तिथे उसाचे वाढे मुबलक. मृग लागायच्या चार दिवस आधी त्याने हरण्या-पाखऱ्यांना तिकडे पाठवायचं ठरवलं. पाऊस आला की आणू. बैल बांधावरून जाताना मुक्ताबाई भाजी निवडत ओट्यावर बसली होती. ती उठली, हरण्याच्या कपाळावरून हात फिरवला, आणि मृगाच्या अटीबद्दल एक शब्दही बोलली नाही. ती अट आजवर कुणाला आठवावीच लागली नव्हती. मृगात बैल गावाबाहेर पाठवणारा शेतकरी त्या गावात तोवर झाला नव्हता. आत येऊन तिने लिहिलं, "३ जून. हरण्या-पाखऱ्या देवळालीस गेले." आणि त्या ओळीखाली रेघ मारली. वहीत रेघ मारायची तिला सवय नव्हती.

पाऊस आला नाही. आप्पासाहेबाच्या दोन म्हशी आणि पाऊण एकर लसूणघास होता. आता विहिरीत पाणी होतं आणि ओढायला बैल नव्हते. पाळीचे त्याचे पहिले चार दिवस कोरडे गेले. घास पिवळा पडला. बनुबाईने, त्याच्या बायकोने, घागरीने पाणी शेंदून म्हशी जगवल्या, आणि एक दिवस घागर खाली आपटून नवऱ्याला काय ते सांगितलं. अठरा तारखेला तो भावजयीच्या ओट्यापाशी आला, पण ओट्यावर बसला नाही.

म्हणाला, माणसामाणसात असतं चालायचंच, घरचीच विहीर आहे, म्हशीच्या दुधातला तांब्याभर तुमच्याकडे येतोच. मुक्ताबाईने सगळं ऐकून घेतलं. नाही म्हणायला तिला कुणी अडवलं नसतं, आणि गहिनीनाथाने नंतर तिला तसं विचारलंही की वैनी, तवाच का न्हाई घोडं आडवलं. पण नाही म्हणणं फार स्वस्तात गेलं असतं.

"गाडी येईल," ती म्हणाली. "मीच चालवीन. पण माझ्या हातात आता हँडल मारायची ताकद नाही. ते रोज तुम्ही मारायचं."

हे खोटं होतं. तिच्या मनगटात भरपूर ताकद होती. पण तो मान हलवून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पटका सावरत तो गाडीपुढे वाकला आणि त्याने हँडल फिरवलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. नाडा कडीत अडकवला तोही त्यानेच. त्या संध्याकाळी वहीत ओळ आली : "१९ जून, सोमवार. आप्पासाहेबांनी स्वतः हँडल मारून मोटार विहिरीला जुंपली. त्यांच्या घासासाठी छप्पन मोटा." असे वीस-बावीस दिवस, जुलैत आणि ऑगस्टातही, ज्या ज्या दिवशी तो वाकला त्या त्या दिवशी, मोटांच्या आकड्यासह. घास वाचला. बैल पोळ्याच्या आठ दिवस आधी परत आले, चकचकीत, गुबगुबीत, सबंध पंचक्रोशीत तेवढे धडधाकट बैल कुणाचे नव्हते. आप्पासाहेब राहात्याच्या बाजारातून नवी झूल घेऊन आला.

जुनी झूल मुक्ताबाईच्या पेटीत होती. आरशांची, तिने स्वतः शिवलेली. वाटणीत तिचं नाव घ्यायला सगळे विसरले होते.

सहा सप्टेंबरला खांदेमळणी. घरोघर बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. मुक्ताबाईने वाटीत लोणी घेतलं, डब्यातली हळद घेतली, आणि मॉरिसच्या दोन्ही मडगार्डांना चोळली. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, असं हळू आवाजात म्हणाली. गहिनीनाथ मदतीला आला होता. तो चेष्टा करणार होता, पण त्याने टोपी काढून हातात घेतली.

सात तारखेला गुरुवारी उन्हं कलली तशी जनावरं वेशीबाहेर जमली. त्या वर्षी थोडीच होती. कित्येकांची विकली गेली होती, कित्येकांच्या फासळ्या रंगाखालूनही दिसत होत्या. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण. सगळ्यांत पुढे हरण्या-पाखऱ्या, शिंगांना हिंगूळ, बेगड, गोंडे. कासरा आप्पासाहेबाच्या गड्याच्या हातात. आप्पासाहेब स्वतः नवा पटका आणि पायात करकरीत जोडा घालून शेजारी. यंदा अनवाणी चालायचं कारण नव्हतं.

तेवढ्यात मागून मॉरिस आली. अंगभर गेरूचे ठिपके, दिव्यांवर बैलाच्या शिंगांना घालतात तशा पितळी शेंब्या बांधलेल्या, बॉनेटवर बाशिंग, पाठीवर आरशांची झूल, आणि झुलीतून वर आलेलं डब्याचं वशिंड. लोक बाजूला होत गेले. गाडी हरण्याच्या शेजारी येऊन थांबली. वाजंत्री वाजवायचे थांबले.

आप्पासाहेब आडवा आला. म्हणाला, "वैनी, सणाच्या दिवशी गावाची चेष्टा करू नका. ही काय जनावर हाय?"

 खाली उतरताना मुक्ताबाईचा डावा हात कॉकवरून सहज फिरला. मग ती तोरणाखाली बसलेल्या सहादेव अण्णांकडे गेली. अण्णा ऐंशीच्या पुढचे. मानाचा निवाडा त्यांचाच. तिने पिशवीतून वही काढली आणि सोळा जानेवारीचं पान वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, धडा वाचावा तशा सपाट आवाजात, थंडी, कोंबडी आणि दीड शेर दुधासकट. "मोटार न्या, वैनी" हे वाक्य आलं तेव्हा लोक हसले. जानेवारीतही ते हसलेच होते, पण तेव्हा तिच्याकडे बघून.

अण्णांनी विचारलं, "म्हनला हुतास का न्हाई, आप्पा?"

"चेष्टेनं म्हनलो, अण्णा."

"वाटनीला बसल्याव चेष्टा कशाला करायची? आमी चार मानसं तितं काय तमाशा बघाया बसलो हुतो?" मग ते मुक्ताबाईकडे वळले. "मृगापासून राबलीय का ही?"

तिने मृगातल्या आपल्या पहिल्या पाळीच्या मोटा वाचल्या, मग एकोणीस जूनचं पान काढलं. वाचलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. आठव्या पानाला अण्णांनी हात वर केला.

"जुंपली कुनी म्हनालीस?"

"भावजींनी. रोज त्यांनीच."

 सगळ्या गावाने ते पाहिलेलं होतं. विहीर रस्त्यालाच लागून होती. अण्णांनी काठीने हरण्याकडे बोट केलं आणि तसंच शांतपणे विचारलं की ही जोडी मृगापासून कुठे होती.  आप्पासाहेबाला ती अट त्या क्षणी आठवली असावी. त्याच्या कानशिलांवरून पटक्याच्या आत घाम शिरताना मुक्ताबाईने पाहिला आणि नजर हलवली नाही.

"मान थोरल्या घरचा," अण्णा म्हणाले. "मोटार पुढं. आप्पा, जोडा काढ, कासरा घे."

कासरा मॉरिसच्या पुढच्या बंपरला आधीच बांधलेला होता. आप्पासाहेब हलला नाही. आणि त्याच वेळी, इतका वेळ गुरगुरत असलेलं इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं.

त्याचा चेहरा उजळला. "बसली," तो लोकांकडे बघून म्हणाला. "जनावर वेशीत बसलं. आता?"

बसलेल्या जनावराला पोळ्याच्या दिवशी ढकलायचं नाही, मारायचं नाही, आणि पहिलं जनावर आत गेल्याशिवाय मागचं एकही हलत नाही. मागे उन्हात चाळीस-पन्नास बैल, त्यांचे धनी, डोक्यावर ताटं घेतलेली माणसं. कुरकुर सुरू झाली. मुक्ताबाईने शांतपणे गाडीतून हँडल काढलं, पेट्रोलचा कॉक उघडला, आणि हँडल दिरापुढे धरलं.

"भावजी, तिला तुमच्या हाताची सवय आहे."

मागून कुणीतरी ओरडलं की आप्पा, मार लवकर, बैल तहानलेत. दुसरा म्हणाला, जूनपासून मारतोयस, आज काय लाज आली. त्याने सगळीकडे पाहिलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. मग त्याने जोडा काढला, नवा पटका सावरला, आणि बाशिंग बांधलेल्या त्या गाडीपुढे वाकला. एकदा. दोनदा. मुक्ताबाई स्टिअरिंगमागे बसून काचेतून त्याचा वाकलेला माथा बघत होती. तिला तो फार दिवस असाच बघायचा होता. चौदाव्याच्या सकाळपासून. तिसऱ्यांदा इंजिन लागलं.

वेशीपासून मारुती दोनशे पावलं. तेवढ्याला तिने पाव तास लावला. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून, कासरा कधी सैल, कधी ताणलेला. पुढे आप्पासाहेब अनवाणी, जमीन तापलेली. मागे हरण्या-पाखऱ्या, आणि रॉकेलवर टाकल्यावर सायलेन्सरमधून निघणारा निळा धूर थेट त्यांच्या नव्या झुलीवर. मध्ये एकदा तो वळून म्हणाला, जरा लवकर चालवा. तिने ब्रेक दाबला, गाडी उभी केली, आणि तो पुन्हा पुढे बघेपर्यंत उभीच ठेवली.

मारुतीपाशी बनुबाई ताट घेऊन उभी होती. तिने चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला कुंकू लावलं, पुरणपोळी कुठे ठेवावी ते न कळून घटकाभर थांबली आणि शेवटी बंपरवर ठेवली. ओवाळताना ती ओठ न हलवता जावेला म्हणाली, "आक्का, घागरीनं पानी म्या शेंदलं, आन कासरा ह्यांनी धरला. बरं झालं." तिच्या डोळ्यांत राग होता, पण तो कुणावर होता ते मुक्ताबाईने विचारलं नाही.

नंतर रिवाजाप्रमाणे गावचे बैल थोरल्या घरच्या अंगणात आले. हरण्या-पाखऱ्यांना पोळी भरवायला ती पुढे झाली. हरण्याने पोळी सोडून आधी तिची बोटं चाटली, वासरू असताना चाटायचा तशी. तिने हात तसाच राहू दिला. एवढी एक गोष्ट कोणत्याही वाटणीत परत येणार नव्हती, आणि त्या दुपारच्या सगळ्या गोडीत तीच एक कडू लागली.

आप्पासाहेब अंगणाच्या कडेला तळपायाचे फोड बघत बसला होता. म्हणाला, "झालं समाधान, वैनी?"

मुक्ताबाईने त्याच्यापुढे पानात दोन पोळ्या वाढल्या, त्यावर तूप घातलं, हात आखडता घेतला नाही. "पुढच्या वर्षी कासरा आदल्या दिवशी तेलात भिजवून ठेवा," ती म्हणाली. "हाताला कमी काचतो."

गहिनीनाथ ते ऐकून खोकत खोकत उठला आणि सायकलला पाय लावून निघून गेला.

दिवेलागणीला तिने झूल घडी करून पेटीत ठेवली, मॉरिस छपराखाली लावली, हात धुतले आणि वही उघडली.

७ सप्टेंबर १९७२, गुरुवार. पोळा. पाऊस नाही. वेशीतून पहिले जनावर आपले. कासरा आप्पासाहेबांनी धरला. पोळ्या बेचाळीस झाल्या, तीन उरल्या. कट बराच आहे, उद्या आमटी. हळद संपली, राहात्याहून पावशेर आणणे.